दोनशे पंधरावं मशीन

२ फेब्रुवारी

ताई,

तू सांगितलंस तसं पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतोय. घरी फोन केला की बाबा शेजारच्या खोलीतून सगळं ऐकतात. डोळे गेले, वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण कान असे की मी इथे जांभई दिली तरी त्यांना तिथे कळेल.

सध्या एका शीतगृहात आहे. फळांच्या पेट्या आत न्यायच्या, बाहेर आणायच्या. खोलीत आम्ही चौघं. त्यातला एक बूट घालूनच झोपतो. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मागच्या नोकरीत चोरीला गेले." म्हटलं, "मग उशाखाली ठेव." तर म्हणाला, "उशाखालीच होते." डोक्याखालचे बूट काढून नेणारा तो माणूस मला एकदा बघायचाय. असो, मी सांगत होतो काय.

हां. इथल्या ऑफिसात तीस कॉम्प्युटर आहेत, तुझ्यासारखेच लिनक्सचे. अपडेट आले की त्यांचा एक माणूस वही घेऊन एकेका मशीनपुढे बसतो, पासवर्ड टाकतो, पट्टी सरकताना बघत राहतो, वहीत बरोबरची खूण करतो आणि पुढच्या खुर्चीवर जातो. तिसाव्यापर्यंत पोचेतो पहिलं पुन्हा जुनं झालेलं असतं. मी त्याला म्हटलं, "माझ्या बहिणीकडे अकरा वाचनालयांत मिळून दोनशे चौदा मशीन आहेत, आणि ती एकालाही हात लावत नाही." तो म्हणाला, "तुझी बहीण थापाडी दिसते." मी म्हटलं, "थापाडा मी. ती कामाची."

मग त्याला मी चार वर्षांपूर्वी तुला लावून दिलेली व्यवस्था समजावली. रोज पहाटे पाच चाळीसला प्रत्येक मशीन तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या मशीनला विचारतं, नवीन काही आलंय का. आलं असेल तर आपलं आपण उतरवून घेतं, बसवतं, लागलं तर बंद होऊन परत चालू होतं. पण सगळ्यांना एकदम वाढायचं नाही. आधी पहिली पंगत. त्यात तुझ्या टेबलावरचं, गोदामातलं आणि दोन वर्षांपूर्वी जोडलेलं घरचं बाबांचं, अशी तीन. तिघं जेवून तीन दिवस जिवंत राहिली आणि कुणी तक्रार केली नाही, की उरलेल्यांना वाढायचं. त्याने विचारलं, "आणि पहिल्या पंगतीत काही बाधलं तर?" म्हटलं, "म्हणून तर वडिलांचं ठेवलंय. काही खुपलं तर गप्प बसणाऱ्यांतले नाहीत ते."

मग त्याला बाबांचं मशीनही सांगावं लागलं. पडदा नाही, नुसता कीबोर्ड आणि स्पीकर. आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवलेला माणूस, एकट्या डाव्या हाताने न बघता टाइप करतो, एंटर दाबलं की मशीन ते वाक्य बोलतं. आवाज स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईचा, कारण मराठी बोलणारा फुकटातला तेवढाच मिळाला. तो इतका हसला की पेटी पडली पायावर. त्याच्या, माझ्या नाही.

बाबांना सांग, उन्हाळ्यात येतो.

धाकटा

———

१० फेब्रुवारी

धाकट्या,

उन्हाळ्यात येतो हे तू चौथ्यांदा लिहिलंस. मी बाबांना सांगितलं नाही. तुझ्या उन्हाळ्याची वाट बघायची त्यांना सवय लागते आणि मग ती मला निस्तरावी लागते.

मी कामाची आहे हे वाचलं. आहेच. म्हणून तर इथे आहे.

बाबांची तब्येत बरी. पाच-सहा दिवस झाले, बोलत मात्र नाहीत. त्यांचं त्यांना माहीत.

एक काम होतं. सात नंबरच्या वाचनालयात जुना प्रिंटर आहे. अपडेट आला की त्याचं काहीतरी बिनसतं. एका मशीनवर एकच गोष्ट आहे तिथे थांबवायची आणि बाकी सगळं चालू ठेवायचं, असं करता येतं का? नंतर कितीही अपडेट आले तरी तिला हात लागता कामा नये. मला कळेल असं एकेक पायरी लिही. आणि रोजच्या अहवालात ते मशीन लाल दिसायला नको, वरचे लोक विचारत बसतात.

लवकर लिही. गोष्टी सांगत बसू नकोस.

ताई

———

१६ फेब्रुवारी

ताई,

येतं की. अगदी सोपं आहे. सोबतच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्यात, जशाच्या तशा टाइप कर, फक्त पॅकेजचं, म्हणजे जी गोष्ट थांबवायची तिचं, नाव तुझं घाल. त्याच्यावर 'थांब' अशी खूण बसते. मग सगळं जग बदललं तरी तेवढं एक जिथल्या तिथे राहतं. खूण काढायची असेल तर तिसरी ओळ, तीही लिहिलीय. अहवालात लाल दिसणार नाही, हिरवंच दिसेल. फक्त अगदी तळाशी बारीक अक्षरांत येईल, 'थांबवलेली : १'. तिथवर वाचणारा माणूस तुझ्या वरच्या लोकांत नसावा.

बाबा का बोलत नाहीत ते मला ठाऊक आहे. माझ्यावर रुसलेत. जानेवारीत येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. त्यांना सांग, धाकटा शीतगृह सोडून आता जत्रेबरोबर फिरतोय. गोल फिरणाऱ्या पाळण्यातले लाकडी घोडे रंगवतो. आधीच्या रंगाऱ्याने एका घोड्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला काढलेत. मालक म्हणतो राहू दे, मुलं त्याच्यावरच बसायला भांडतात. हे सांगितलंस तर बाबा नक्की काहीतरी टाकून बोलतील, 'लायकीचं काम मिळालं' वगैरे. बोलायला लागले की मला कळव.

क्लासात ते माझ्या बोटांवर फूटपट्टी मारायचे ना, 'कीबोर्डकडे बघायचं नाही' म्हणून, परवा तसंच एक बाई इथे हार्मोनियम वाजवताना... जाऊ दे, तू रागावशील.

धाकटा

———

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

चिठ्ठीप्रमाणे केलं. झालं. प्रिंटर आता त्रास देत नाही.

घोड्याचं त्यांना सांगितलं. बोलले नाहीत.

घर इतकं शांत असतं की फ्रिज बंद झालेला कळतो. परवा मी स्वयंपाकघरात उभी राहून सबंध एक सफरचंद खाल्लं, सावकाश, साल न काढता. कुणी काही म्हणालं नाही. तुला यात काय विशेष ते कळणार नाही.

आता कामाचं. मी बाबांना आश्रमात ठेवायचं ठरवलं आहे. चांगला आहे, शहराबाहेर आहे, मी जाऊन पाहून आले. खिडकीपाशी कॉट मिळेल, अर्थात त्यांना खिडकीचा उपयोग नाही. तिथल्या संचालिका ११ मार्चला सकाळी अकराला घरी येणार आहेत. त्यांचा नियम असा की माणसाला तोंडावर विचारतात, दोनदा. तो नाही म्हणाला तर नेत नाहीत. मध्यंतरी एका घरून गाडी रिकामी परत नेली. हो म्हणायलाच हवं असं नाही, कारण हो कुणीच म्हणत नाही. फक्त नाही म्हणू नये. त्यानंतरही महिनाभर मुभा असते, मला घरी जायचंय असं माणूस एकदा म्हणाला की परत आणून सोडतात.

बाबांची मान तर आजारपणापासून सारखी दोन्हीकडे हलत असते, तिच्यावरून कुणाला काही कळत नाही.

तुला कळवायचं होतं, कळवलं. तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर ये आणि इथे उभं राहून सांग. पत्रातून नको.

ताई

———

४ मार्च

ताई,

माझं कसलं म्हणणं. तू बघतेस, तू ठरव. आश्रम वाईट नसतात. इथे जत्रेत एक म्हातारा जोकर आहे, तो तर म्हणतो मला कुणी नेलं तर मी पळत जाईन.

अकराला यायचा प्रयत्न करतो. नक्की सांगत नाही, कारण दहाला आमचा मुक्काम हलतो आणि पाळणा सुटा करायला माणसं कमी आहेत. एकेक घोडा दोघांना उचलत नाही. पण बघतो. आलो तर सकाळीच येईन, थेट घरी.

महिनाभर कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. तुझे अहवाल कुठे बघायला मिळतात मला, हाताला सारखा रंग. दोनशे चौदा जण आपलं आपण बघतायत, तसंच बघू देत.

बाबा अजून गप्पच का? इतका रुसवा बरा नाही.

धाकटा

———

१२ मार्च

धाकट्या,

आला नाहीस. अकरा वाजेपर्यंत मी दार उघडं ठेवलं होतं. तुझ्यासाठी नव्हे, संचालिकांसाठी. पण तू आला असतास तर आत येता आलं असतं.

त्या वेळेवर आल्या. चांगल्या आहेत, मोठ्या आवाजात बोलत नाहीत, नाहीतर आंधळ्या माणसाशी लोक उगाच ओरडून बोलतात. बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, आमच्याकडे यायचं का? नको असेल तर नको म्हणा, मी लगेच जाते."

बाबांनी कीबोर्ड मांडीवर घेतला होता. त्यांची बोटं चालू होती.

"हे काय करतात?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "टायपिंग शिकवायचे. बोटांना चाळा आहे."

"मशीन बोलतं म्हणाला होतात."

"बोलतं. त्यांना बोलायचं असलं की बोलतं."

संचालिकांनी पुन्हा विचारलं. नियम तो नियम. बाबा टाइप करत होते. एंटरचं बटण इतकं जोरात दाबत होते की कीबोर्ड उचलला जात होता. संचालिका म्हणाल्या, "हरकत दिसत नाही." मग गाडीतले दोघे आले.

कीबोर्ड सोडेनात. संचालिका म्हणाल्या, सवयीची वस्तू असते, मशीनही सोबत द्या, आमच्याकडे इंटरनेट आहे. दिलं.

खोली झाडून घेतली. आज मी सुट्टी काढली आहे आणि करायला काही नाही.

ताई

———

१९ मार्च

ताई,

आज सकाळी इथल्या एका सायबरवाल्याकडे तासभर बसलो. सहज तुझा अहवाल उघडला. सगळं हिरवं. तळाशी बारीक अक्षरांत 'थांबवलेली : १'. म्हटलं, चला, प्रिंटर कसा आहे बघू.

सात नंबरच्या वाचनालयात प्रिंटरच नाही ताई. दोन वर्षांपूर्वी भंगारात गेल्याची नोंद आहे. खूण दोनशे पंधराव्या मशीनवर आहे, बाबांच्या. प्रिंटरवर नाही, आवाजावर. अठरा फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी, तुझ्या नावाने. माझ्याच चिठ्ठीतल्या दोन ओळी, जशाच्या तशा.

मग मागे जाऊन बघितलं. चार फेब्रुवारीला आवाजाच्या पॅकेजचं अपडेट आलं, ते खराब होतं. जुन्या मशीनचा आवाजच गेला. पहिल्या पंगतीत आवाज लागतो कुणाला, एकट्या बाबांना. माझी व्यवस्था फक्त एवढंच बघते की मशीन हाक मारली तर ओ देतं का. दिली तिघांनीही ओ. तीन दिवस कुणी तक्रार केली नाही, म्हणून सातला सगळ्यांना वाढलं. वाचनालयात आवाज गेला तर कोण तक्रार करणार. पंचवीसला दुरुस्त केलेलं अपडेट आलं, दोनशे चौदांनी आपापल्या पंगतीला पहाटे आपलं आपण घेतलं. एकाने घेतलं नाही. त्याला तू थांबवलं होतंस.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. बाबा एंटर दाबतात ते प्रत्येक वाक्य मशीन वेळेसकट एका फाइलीत लिहून ठेवतं. मीच तसं केलं होतं, 'पुन्हा सांगा' म्हटलं की मागचं वाक्य परत बोलता यावं म्हणून. तुझ्यासाठी त्यातलं थोडं उतरवतो. बसून वाच.

४ फेब्रुवारी, ७:१०. चहा गार आहे.
७:११. चहा गार आहे.
७:११. ऐकू येत नाही का तुला.
७:१४. मलाच ऐकू येत नाही. मशीनचा आवाज गेला आहे.
८ फेब्रुवारी, ६:३०. मशीन बिघडलं आहे. धाकट्याला कळव.
१९ फेब्रुवारी, दुपारी ३ ते ४. पाणी. (चौदा वेळा आहे. मोजलं.)
२२ फेब्रुवारी, ९:००. तू इथेच उभी आहेस. मला श्वास ऐकू येतो.
२८ फेब्रुवारी, ११:४०. फोनवर बोललीस ते ऐकलं. आश्रम कशाला.
११ मार्च, ११:०५. नाही.
११:०५. नाही.
११:०६. नाही जायचं मला.
११:०६. बाई, मशीन बिघडलं आहे. मी नाही म्हणतो आहे.
११:०८. बोटांना चाळा नाही.
११:०९. नाही.

सफरचंद गोड होतं का?

धाकटा

———

२६ मार्च

धाकट्या,

होतं.

तुझं पत्र मी ऑफिसात, टेबलावर, दार उघडं ठेवून वाचलं. रडले वगैरे नाही. तू अपेक्षा केली असशील म्हणून सांगते.

आता तू ऐक. तू ते मशीन बसवलंस, बाबांनी पहिलं वाक्य टाइप केलं, 'धाकट्याने केलं, बाकी कुणाला जमलं नसतं', तू हसलास आणि आठव्या दिवशी निघून गेलास. त्यानंतर दोन वर्षं ते मशीन माझ्याशी काय बोललं ते तुला ठाऊक नाही, कारण तू फाइल उघडलीस ती फेब्रुवारीपासून. त्याच्या आधीचीही तिथेच आहे. मी काल उघडली. थोडं उतरवते, तू मला शिकवलंसच आहे.

'सांडलंस. तुझ्या हाताला काही धरवत नाही.' 'अंग पुसताना नखं लागतात, मुद्दाम लावतेस.' 'नवऱ्याने सोडलं ते उगाच नाही.' 'धाकटा असता तर.' 'धाकटा असता तर' हे सहाशे बारा वेळा आहे. मीही मोजलं. आणि हे सगळं त्या घोषणा करणाऱ्या बाईच्या गोड आवाजात, चढ नाही, उतार नाही, जशी काही माझी गाडी फलाट बदलून येणार आहे. माणूस ओरडला तर दमतो तरी. ती दमत नाही.

चार फेब्रुवारीला घर गप्प झालं तेव्हा पहिले दोन दिवस मला खरंच वाटलं ते रुसलेत. तिसऱ्या दिवशी कळलं की बिघडलंय. दुरुस्त करायला हवं हेही कळलं. मी चहा केला आणि प्यायले. मग एवढंच वाटलं की ज्या व्यवस्थेने आवाज नेला तीच एखाद्या पहाटे तो आपण होऊन परत आणेल, आणि मला आधी कळणारही नाही. म्हणून तुला विचारलं. चौदा वेळा पाणी, ते मी पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाणी मी दिलं. चारला, माझ्या वेळेला.

हे माझं झालं. आता तुझं.

मशीन फक्त वाक्यंच लिहून ठेवत नाही. कोण, कधी, कुठून आत आलं तेही लिहून ठेवतं. हेही तूच केलेलं. तू मला लिहिलंस, महिनाभर कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. तू दोन मार्चला आत आला होतास. सहा मार्चला आला होतास. नऊ मार्चला दुपारी दोन पाचला आलास आणि दोन अठ्ठेचाळीसला गेलास. तेव्हा त्या फाइलीखेरीज काही उघडलं नाहीस. त्रेचाळीस मिनिटं. १९ तारखेच्या 'आज सकाळच्या' शोधाबद्दल अभिनंदन.

आणि तू मला पाठवलेल्या यादीत एक ओळ गाळलीस. ती मी भरते.

'५ मार्च, १०:२०. धाकट्या, ही फाइल तुला तिथून वाचता येते, तूच म्हणाला होतास. ताईने आवाज बंद ठेवला आहे. तिला बोलू नकोस, ती दमली आहे. अकरा तारखेला आश्रमाच्या बाई येणार आहेत. तेवढ्यापुरता आवाज चालू कर. मला एकदा नाही म्हणायचं आहे. नंतर परत बंद केलास तरी चालेल.'

तू ही ओळ नऊला वाचलीस. अकरा यायला दोन दिवस होते. तिसरी ओळ टाइप करायला, तुझ्याच चिठ्ठीप्रमाणे, अर्धं मिनिट लागतं. मी आवाज बंद केला हे खरं. पण त्यांनी हाक मारली ती तुला.

खूण अजून तशीच आहे. मी काढणार नाही. महिना ११ एप्रिलला संपतो, तोवर ते परत येतो म्हणाले तर आश्रम त्यांना घरी आणून सोडेल. पासवर्ड तुझ्याकडे आहे. काढलीस तर पुढच्या पहाटे पाच चाळीसला ते बोलायला लागतील. पण एक लक्षात ठेव, आणून सोडतील त्या घरी मी नसेन. मी दोन खोल्या बघितल्या आहेत, आठ तारखेला जाते. किल्ली शेजारी ठेवते, ती तुझी.

ताई

———

३ एप्रिल

ताई,

खरं आहे. दोनला गेलो ते अहवाल बघायला, सहज. सहाला ती ओळ वाचली, नऊला पुन्हा वाचली. खूण काढायची ओळ टाइपही केली होती. सायबरवाल्याचा रेडिओ चालू होता, क्रिकेटचं काहीतरी, मी तेच ऐकत बसलो. एंटर दाबलं नाही, उठलो.

कारण सांगतो, मग तू काय म्हणायचं ते म्हण. आवाज आला असता तर ते नाही म्हणाले असते. गाडी रिकामी गेली असती. मग तू मला बोलावलं असतंस, आणि या वेळी मला नाही म्हणता आलं नसतं. मग मी, बाबा आणि ती खोली. सकाळी चहा गार, दुपारी पाणी. 'धाकटा असता तर' हे म्हणायलाही काही उरलं नसतं, धाकटा समोरच.

तुझ्या त्या सहाशे बारा वेळांचं वाईट वाटलं. खरंच. पण वाचताना थोडं बरंही वाटलं, हे तुला सांगून टाकतो, तूही सफरचंदाचं सांगितलंस.

किल्ली शेजारी ठेवू नकोस. घरमालकाला दे.

बाबांना आज वेगळं पत्र लिहिलंय, आश्रमाच्या पत्त्यावर. त्याची नक्कल खाली देतो, म्हणजे कधी भेटायला गेलीस तर दोघांचं बोलणं एक राहील.

धाकटा

(नक्कल)

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. संचालिकाबाईंना विनंती, हे पत्र बाबांना सावकाश वाचून दाखवावं.

बाबा, तुम्ही फाइलीत लिहिलेलं मला आजच वाचायला मिळालं. फार उशीर झाला, माफ करा. महिनाभर जत्रेबरोबर अशा ठिकाणी होतो जिथे काही सोय नव्हती. वाचल्याबरोबर बसलो आणि सबंध दिवस तुमचं मशीन इथून तपासलं. तुम्ही मला शिकवलंत तसं, कीबोर्डकडे न बघता.

दुरुस्त होण्यासारखं नाही बाबा. आवाजाचा जो भाग असतो तो आता कुणी बनवत नाही. ताईवर राग धरू नका, तिने काही बंद केलेलं नाही. एका अपडेटमध्ये गेला, माझ्याच व्यवस्थेतून. मी तुमचं मशीन पहिल्या पंगतीत ठेवलं होतं, ही माझी चूक, ती मी कबूल करतो.

आता तुम्ही उगाच टाइप करून बोटं दुखवू नका. संचालिकाबाई, आपणास विनंती की मशीन बंद करून काढून ठेवावं. बोलायचा प्रयत्न करून त्यांना फक्त मनस्ताप होतो. त्यांना काय हवं-नको ते आपल्याला समजतच असेल.

इथे मी बरा आहे. उन्हाळ्यात येतो.

आपला,
धाकटा

———

२१ एप्रिल

स. न.

आपलं पत्र आठ तारखेला पोचलं. त्याच दिवशी आपल्या वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. 'दुरुस्त होण्यासारखं नाही' इथे मी थांबले, त्यांना काही विचारायचंय का म्हणून, पण तसं काही दिसलं नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, त्यांना आवडेल असं वाटलं म्हणून.

आपण सुचवल्याप्रमाणे मशीन त्याच दुपारी बंद करून भांडारात ठेवलं. कीबोर्ड मात्र काढता आला नाही. उचलायला गेलं की ते हाताने घट्ट धरतात. तेव्हा फक्त वायर सोडवली आणि तो त्यांच्या मांडीवरच राहू दिला. वायर काढली आहे हे त्यांना सांगितलेलं नाही, उगाच कशाला.

अकरा तारखेला महिना पूर्ण झाला. आमच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना पुन्हा दोनदा विचारलं. त्यांनी कसलीच हरकत घेतली नाही, त्यामुळे त्यांचं नाव कायमच्या यादीत घेतलं आहे. आपल्या भगिनींना कळवायला पत्र पाठवलं होतं, ते पत्ता बदलल्याच्या शेऱ्यासह परत आलं. म्हणून हे आपल्याला कळवते आहे.

वडिलांची काळजी करू नये. दिवसभर टाइप करत असतात. सकाळी चहाच्या आधी सुरू होतात ते दिवे मालवेपर्यंत. फार सराईत बोटं आहेत, एकही बटण चुकत नसावं असं वाटतं. आमच्याकडच्या बाकीच्या आजी-आजोबांना तो आवाज आवडायला लागला आहे. दुपारी त्यांच्या खोलीचं दार आम्ही मुद्दाम उघडं ठेवतो, त्या टकटकीवर सगळ्यांना छान झोप लागते.

आपली,
संचालिका